कमरेवरची चार बोटं

गजा,

तुझं सुतक मला दीड दिवसाचं, असं आमच्या भाऊकीतल्या थोरल्या अण्णांनी सांगितलं. पारावर बसून, तंबाखू मळता मळता. मी म्हटलं, "अण्णा, सख्खा भाऊ हुता माझा." तर म्हणाले, "हुता, म्हंजी दत्तक द्यायच्या आंदी हुता. गोत्र बदललं, भाऊकी बदलली. आता त्यो मावसभाऊ. मावसभावाचं दीड दिस. तुमचं मनच ऱ्हात नसंल तर तीन दिस धरा, कोन न्हाई म्हनतंय का." भाजीवर कोथिंबिरीची काडी मागून घ्यावी तसे दीडाचे तीन करून घेऊन मी घरी आलो, आणि धरले मात्र दहा. दहा दिवस दाढी केली नाही, देवाला हात लावला नाही, गोड खाल्लं नाही. अण्णा दोनदा दारावरून गेले, माझ्याकडे बघून मान हलवून गेले. गावात मला हेकट मास्तर म्हणतात ते काही उगीच नाही. आज अकराव्या दिवशी सकाळी दाढी केली, चहा घेतला आणि लिहायला बसलो.

तिसऱ्या दिवशी पेपरात तुझी बातमी आली. शंकरराव गेले असं छापलं होतं, आणि मी ते दोनदा वाचलं. तुला पोचवून आलो होतो, तरी क्षणभर वाटलं, चला, दुसराच कोणीतरी आहे. दत्तकविधानात तुझं नाव शंकर ठेवलं त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, तरी माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. माळीवाड्यात तुझ्या स्टुडिओच्या दारात उभा राहून मी "गजा" अशी हाक मारली, की फोटो काढायला आलेली माणसं इकडेतिकडे बघायची. तू आतून ओ द्यायचास, आणि बाहेर येऊन हळूच म्हणायचास, "दादा, गिऱ्हाइकांसमोर तरी शंकर म्हण." मी बरं म्हणायचो. पुढच्या वेळी परत गजाच.

तू चार वर्षांचा होतास, मी नऊ. केडगावच्या मावशीला मूलबाळ नव्हतं, विहीर होती, सहा एकर बागाईत होती आणि नवऱ्याची भाऊकी टपून बसलेली होती. आपल्याकडे जामखेडच्या माळावर कुसळं, आणि आपण दोघे. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत. तेवढ्या एका रिवाजामुळे मी राहिलो आणि तू गेलास. उलटं झालं असतं तर नगरचा फोटोग्राफर मी झालो असतो आणि तू शाळेत पोरांच्या नाकातला शेंबूड पुसत बसला असतास. हे मी तुला कितीदा ऐकवलं असेल. तू हसायचास, पण डोळ्यांनी हसायचा नाहीस.

त्या दिवसापासून तुझी मावशी तुझी आई झाली आणि आई मावशी झाली. आमच्या घरी सुट्टीला आलास की चुलीपाशी जाऊन म्हणायचास, "मावशी, भाकरी." ती म्हणायची, "बस बाळा." एवढंच. मी मात्र दादाच राहिलो. मावसभावालाही दादाच म्हणतात, म्हणून आपल्या वाट्याचा तेवढा एक शब्द वाचला.

मला आता सारखा आठवतो तो तुझ्या स्टुडिओतला मागचा बाक आणि लाल फडक्यातलं ते बोचकं. तुला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी मरताना ते तुला दिलं. त्यांना ते त्यांच्या उस्तादांकडून आलेलं. ते थोरले उस्ताद म्हणे राणीच्या राज्यात तंबू आणि कॅमेरा बैलगाडीत घालून संस्थानासंस्थानांतून फिरायचे आणि राजेरजवाड्यांचे फोटो काढायचे. पण तू जपलेल्या फोटोंत मोठा राजा एकही नव्हता. सगळी पोरं. पाच वर्षांची, सात वर्षांची, मोत्यांनी लगडलेली, तपकिरी पडत चाललेली पोरं. आणि त्यांतली बरीचशी दत्तक. नावंही ठाऊक नव्हती. पुण्यामुंबईहून जुन्या वस्तू घेणारे लोक येऊन गेले, पण तू एक फोटो दिला नाहीस.

मी एस.टी.तून उतरून यायचो, तुझी बायको सुमन चहा आणायची, तू तिला सांगायचास की आता तासभर कोणाला आत सोडू नको. आणि बोचकं सोडायचास.

"दादा, फोटोत आपोआप काही येत नाही. जे आहे ते कोणीतरी ठेवलंय. का ठेवलंय ते बघायचं."

मला तू बघायला शिकवलंस हे खरं आहे. एरवी मी त्या पोरांना दागिने घातलेली पोरं एवढंच म्हटलं असतं. तू बोट ठेवून दाखवायचास. हा राजा खुर्चीच्या शेजारी उभा आहे, खुर्चीत बसलेला नाही. खुर्ची रिकामी आहे, कारण ती वारलेल्या राजाची. पोराचा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवलाय, म्हणजे हिच्यावर हक्क याचा. पण वयात येईपर्यंत बसायचं नाही.

"म्हंजी सातबाऱ्यावर नाव लागलंय, पण ताबा न्हाई," मी म्हणायचो.

"बरोबर. आता तलवार बघ. म्यानात आहे आणि टोक जमिनीला टेकलंय. ती उचलायची परवानगी साहेबाकडं. आणि टेबलावरचं हे जाड पुस्तक बघ. या पोराला मराठी तरी वाचता येत होतं का, कोण जाणे. पण पुस्तक ठेवलं की कळतं, याच्यावर गोरा मास्तर नेमलाय."

"मास्तर वाईट नसत्यात."

"तू सोडून."

मोत्यांच्या माळा मेलेल्या राजाच्या असायच्या, पोराच्या गुडघ्यापर्यंत यायच्या. मग मानेमागे दोऱ्यानं गाठी मारून त्या आखूड करायच्या. तू भिंग देऊन मला ती गाठ दाखवली होतीस. एका फोटोत पोराच्या टाचांमागे लोखंडी पाय दिसतो. त्या काळी फोटोला वेळ लागायचा, पोरानं हलू नये म्हणून मागून मानेला चिमटा लावायचे, त्याच्या घोडीचा तो पाय. मी म्हटलं, यातलं खरं राजचिन्ह हेच. तू एवढा हसलास की चहा सांडला.

आणि भांडलोही. विशेषतः त्या एका पोरावरून. पाच-सहा वर्षांचा, तोंड सुजलेलं, सगळं अंग कॅमेऱ्याकडे आणि डोळे मात्र बाजूला. तू म्हणायचास की फोटोवाल्यानं तिथं खुळखुळा धरला असणार. मी म्हणायचो, न्हाई, तिथं ओळखीचं माणूस उभं हाय. त्याची देणारी आई असंल. यावर तू दरवेळी चिडायचास.

"देणारी आई महालात कशी येईल? देणारीनं हातावर पाणी सोडलं की मागं वळून बघायचं नसतं. त्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. ती निघून गेलेली असते, दादा. देणारी उभी राहत नाही."

तू राजाबद्दल बोलत नव्हतास हे मला कळत होतं. तुला मला विचारायचं होतं की आईनं तुला सुखानं दिलं का. आपल्या घरात असं कोणी कोणाला विचारत नाही, म्हणून तू शंभर वर्षांपूर्वीची पोरं पुढं करून विचारत होतास. मीही खुळखुळ्यावर वाद घालत बसायचो. त्या फोटोचा निकाल आपण लावलाच नाही.

तुझा स्वतःचा फोटो होता की. केडगावच्या घरी ओटीवर लावलेला, दत्तकविधानाच्या दिवशीचा. मावशीच्या नवऱ्यानं, काकांनी, हौसेनं पुण्याकडून फोटोवाला आणला होता. मधे उंच खुर्चीत तू, जरीची टोपी, मखमली कोट, हातात नारळ. एका बाजूला काका काठी घेऊन, दुसऱ्या बाजूला मावशी. खुर्चीवर पाठीमागून एक सतरंजी टाकलेली, आणि सतरंजीतून निघून तुझ्या कमरेवर, काळ्या कोटावर, चार बोटं. तू लहानपणी मावशीला विचारलंस, हा हात कोणाचा? ती म्हणाली, "फोटोवाल्याचा गडी हुता. तू हलत हुतास म्हनून धरलं." शाळेतली पोरं ओटीवर येऊन तो फोटो बघायची आणि तुला भुताचा हात म्हणून चिडवायची.

अठराव्या वर्षी उस्तादांकडे तू रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग काढायचं काम, शिकलास. पहिलं काम म्हणून तू काय केलंस, तर घरात पेटीत ठेवलेली त्या फोटोची मूळ काच काढलीस आणि चाकूचं टोक घेऊन ती बोटं खरवडून टाकलीस. मला समजावून सांगितलंस, काचेवर सगळं उलटं असतं. गोरं ते काळं दिसतं. बोटं काचेवर काळी होती, ती खरवडली की कागदावर कोटासारखीच काळी उमटतात. एकदा खरवडलेलं परत येत नाही, म्हणून हात फार हलका लागतो. तुझा हात हलका होता. नवा फोटो छापून तू ओटीवरच्या चौकटीत घातलास आणि जुना चुलीत टाकलास. कोणी म्हणालं नसतं की तिथं कधी काही होतं.

त्याची एक प्रत घेऊन तू आमच्याकडे आलास. मला आजही तो दिवस पुसता येत नाही. "मावशी, तुला आणलाय. बघ, गड्याचा हात काढून टाकला." आईनं हात पदराला पुसले, फोटो उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लई ग्वाड झालाय." जेवू घातलं तुला. तू गेल्यावर तिनं तो भिंतीला लावला, समोरच, चुलीपाशी बसलं की दिसेल असा.

मग तिनं ट्रंक उघडली. तळाशी खणात गुंडाळलेला जुना फोटो होता, बोटांसकट. फोटोवाल्यानं दोन प्रती दिल्या होत्या. दुसरी मावशीनं गुपचूप आईच्या हातात दिली होती, "अक्का, तुजा हात हाय ह्यात, तू ठिव," असं म्हणून. आईनं मला तो दाखवला आणि म्हणाली, "त्याला सांगशील तर माज्या गळ्याची आन हाय. त्याचं तिथं मन लागलंय. आनि काकांच्या भाऊकीला कळलं, की देनारीनं त्याच दिशी पोराला परत हात लावला, तर म्हनतील दान मोडलं. कोर्टात जातील. पोराची जिमीन जाईल."

तो गड्याचा हात नव्हता, गजा. सतरंजीखाली आई बसली होती.

आणेची गोष्ट खरी आहे, पण तिच्यामागे मला लपता येणार नाही. आई गेली तेव्हा मी डोकं भादरलं, मी अग्नी दिला, तू पाहुण्यांच्या ओळीत उभा होतास. नंतर मावशी गेली, काका गेले. जमीन तुझ्या नावावर केव्हाच पक्की झाली होती. आण जिच्या गळ्याची, तिचा गळाच राहिला नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण मला तुझा हेवा वाटायचा. तुला विहीर मिळाली, शहर मिळालं, चांगली बायको मिळाली, बायबापड्यांपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना "हलू नका" म्हणून दटावण्याचा अधिकार मिळाला. माझ्याकडे एक आई होती. ती तरी माझी एकट्याची असू दे, असं वाटत राहिलं. मास्तर माणसानं असं लिहू नये, पण हे असंच आहे.

शिवाय तू ती बोटं खरवडली होतीस. सांगायचं म्हणजे, तू काय खरवडलंस तेही सांगायचं. ते धाडस माझ्यात नव्हतं.

संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या वर्षी मी दिवाळीनंतर आलो होतो. पेपरात जुन्या राजांचे फोटो येत होते म्हणून तूही बोचकं सोडून बसला होतास. मी म्हटलं, "बघ, तुझी पोरं आता खरीच रिकामी झाली. ना हक्क ना ताबा." तू हसला नाहीस. तू एक फोटो माझ्यासमोर ठेवलास जो मी आधी पाहिला नव्हता. दीड-दोन वर्षांचा राजा, शिरपेच डोळ्यांवर आलेला, उंच गादीवर बसवलेला. मागे कापड टाकलेलं. तू म्हणालास, "ही गादी नाही, दादा. नीट बघ. कापडाखाली गुडघे आहेत. बाई बसलीय, तिच्या मांडीवर राजा आहे. लहान पोरं अशीच काढायचे. तिला झाकायचे, म्हणजे फोटोत राजा एकटा दिसतो. राजा कोणाच्या मांडीवर बसलेला दिसला तर तो राजा कसला."

तू भिंग खाली ठेवलंस.

"दादा, माझ्या फोटोत मागं कोण होतं?"

छप्पन्न वर्षांचा माणूस तू. केस पांढरे, बोटांच्या टोकांना औषधांचे पिवळे डाग. चार वर्षांच्या पोरासारखं माझ्याकडे बघत होतास. आणि मी म्हणालो, "फोटोवाल्याचा गडी हुता. मावशीनं सांगितलं न्हवतं का तुला?"

"तू पाहिला होतास?"

"पाहिला हुता."

तू त्या छोट्या राजाचा फोटो उचलून बाकीच्यांत ठेवलास. मग म्हणालास, "बरं झालं मग. खरवडला ते बरंच केलं." आणि बोचकं बांधायला लागलास. मी स्टँडवर येईपर्यंत दोनदा थांबलो होतो, गजा. एकदा कोपऱ्यावर, एकदा रसवंतीपाशी. परत फिरलो असतो तर दहा मिनिटांत तुझ्यासमोर उभा असतो. पण जामखेडची गाडी लागलेली होती, मी चढलो.

तुझा माझ्यावर विश्वास बसला का, हे मला माहीत नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. सरकारी साहेबांना रस्त्याच्या कामांचे फोटो हवे होते, तुला ते काम मिळालं आणि तू आमच्याकडच्या खडी केंद्रावर आलास. मी तुझ्याबरोबर उन्हात हिंडलो. साहेबांचे फोटो झाल्यावर तू मुकादमाची लोखंडी खुर्ची मागून घेतलीस, खडीच्या ढिगापाशी ठेवलीस आणि एका मजूर बाईच्या तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीला तिच्यावर बसवलंस. तिच्या हातात खडी फोडायचा छोटा हातोडा दिलास, तलवार देतात तसा, टोक खाली करून. मला म्हणालास, "हिचं संस्थान." पोरगी भेदरली होती. आई जवळ येऊन तिला धरायला लागली आणि मग चौकटीतून बाहेर व्हायला लागली. "लांब हुते भाऊ, मी कशाला फोटूत. अंगावर धड कापड न्हाई." तू कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलंस आणि म्हणालास, "लांब नका होऊ. हात असू द्या तिच्या अंगावर. हात दिसला पाहिजे."

मी खडीच्या ढिगामागे गेलो आणि डोळे पुसले. धूळ गेली म्हणून सांगितलं.

तो फोटो तू साहेबाला दिला नाहीस, स्टुडिओत लावलास. मागच्या खेपेला पाहिला. त्या बाईचं तोंड चौकटीबाहेर आहे, पण हात पुरा आहे, काचेच्या दोन बांगड्यांसकट.

तुझी बातमी घेऊन माणूस आला तेव्हा मी ट्रंकेतून आईचा तो फोटो काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. तुझ्याबरोबर चितेवर ठेवायचा असं ठरवून निघालो होतो. एवढ्या वर्षांत सांगता आलं नाही, निदान तुझ्या हातात तरी जाईल. केडगावला पोचलो. तुझ्यावर पांढरं टाकलं होतं, सुमन भिंतीला टेकून बसली होती. तुझ्या भाऊकीतले लोक पुढं होते, मी पाहुण्यांच्या ओळीत होतो. ती ओळ कशी असते ते मला तेव्हा कळलं. सरणापर्यंत गेलो, खिशात हात घातला आणि हात तसाच राहिला. फोटो बाहेर निघेना. मला तो जाळवेना. तू जात होतास तरी आई तुला देववेना मला, इतका मी चिक्कू निघालो. लोकांना वाटलं, छातीवर हात ठेवून रडतोय म्हातारा.

तो फोटो आत्ता समोर आहे. उद्या पहिल्या एस.टी.नं तो घेऊन निघणार आहे. सुमनला देईन, तिला सगळं सांगेन, ओटीवरची चौकट उघडून त्यात हा घालायला सांगेन. भाऊकीला काय म्हणायचं ते म्हणू दे. यंदा पाऊस बरा आहे, लोकांना शेतात कामं आहेत, फार बोलणार नाहीत. पण तिला सांगण्याआधी तुला सांगायला हवं. आई सतरंजीखाली होती, एवढंच सांगून ते पुरं होत नाही.

हातावर पाणी सोडून झालं तेव्हा आईला मागच्या दारानं बाहेर काढलं. आपल्या वडिलांनी, बापूंनी, छकडा जुंपून ठेवला होता. मी वर बसलो होतो, आई चढतच होती, तेवढ्यात आतून तुझं रडणं सुरू झालं. फोटोवाला कपाळाला हात लावून बसला. तुला खुर्चीत बसवलं की तू खाली उडी मारायचास. शेवटी मावशी स्वतः धावत मागच्या दारी आली, "अक्का, चल. तुज्याबिगर न्हाई ऱ्हात त्यो." आई बापूंकडे बघायलाही थांबली नाही. स्वयंपाकघरातून वाकून गेली, खुर्चीमागे बसली, मावशीनं वरून सतरंजी टाकली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. आईचा हात तुझ्या कमरेवर आला आणि तू गप्प झालास. मागं वळून बघितलंसुद्धा नाहीस. हात ओळखलास आणि समोर बघत बसलास, नारळ धरून, राजासारखा.

फोटोवाला "झालं" म्हणाला. त्यानं काच काढून नेली, काका पंगतीचं बघायला गेले. आई उठेना. भाऊकीतली माणसं ओटीवर यायला लागली होती. बापूंना आत येता येत नव्हतं. ते मला म्हणाले, "जा, आईला घिऊन ये. लवकर."

मी सतरंजीखाली शिरलो. आत अंधार होता आणि धुळीचा वास होता. आई गुडघ्यावर बसून खुर्चीच्या पाठीला गाल लावून होती. मी म्हटलं, "आई, चल. गाडी जुंपलीय." तिनं ऐकलं नाही. मला भीती वाटली, की ही आता उठणारच नाही, इथंच राहील तुझ्याजवळ, आणि मी बापूंबरोबर एकटाच घरी जाईन. बापूंनी मला तिला घेऊन यायला सांगितलं होतं. बोटं सोडवायला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि तुझ्या कमरेवरची तिची बोटं सोडवायला लागलो. एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. मी नऊ वर्षांचा, पण गुरं राखून हातात जोर आलेला. चारही सोडवली. हात निघाल्याबरोबर तू "आई" म्हणून ओरडलास, आणि समोरून मावशी म्हणाली, "ओ रं बाळा."

आम्ही मागच्या दारानं निघून आलो. छकड्यात मी आईला चिकटून बसलो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपलो. मला गाढ झोप लागली होती, गजा.

त्या दिवशी तुला "फोटोवाल्याचा गडी" म्हणून सांगितलं, तेव्हा तू म्हणालास की खरवडला ते बरंच केलं. तेवढ्यासाठी तरी मी त्या एस.टी.तून उतरायला हवं होतं. तू काचेवरचा हात काढलास, तोही माहीत नसताना. आईचा हात तुझ्या अंगावरून मी काढला, ती सोडत नसताना.